वाचकांचे प्रश्न : लॅटिन लघुरूपे आणि वचने

इंग्रजी वाचताना पदोपदी भेटणाऱ्या लॅटिन लघुरूपांविषयी आणि वचनांविषयी आलेल्या पत्रांपैकी काहींना या वेळी उत्तरे देत आहोत. बहुतेक पत्रांतील अडचण एकाच ठिकाणी येऊन थांबते. लघुरूप परिचयाचे असते, पण त्यामागचे पूर्ण शब्द ठाऊक नसतात. म्हणून शक्य तेथे आधी पूर्ण शब्द, मग त्यांचा शब्दशः अर्थ आणि त्यानंतर वापर असा क्रम ठेवला आहे.

प्रश्न : इंग्रजी पत्रव्यवहारात ‘आय. ई.’ आणि ‘ई. जी.’ ही लघुरूपे माझ्याकडून सर्रास एकमेकांच्या जागी पडतात. दोन्हींचा अर्थ ‘म्हणजे’ असाच घेतला तर काय बिघडते?

उत्तर : पुष्कळ बिघडते. ‘आय. ई.’ म्हणजे ‘इड एस्ट’. शब्दशः अर्थ ‘ते आहे’, इंग्रजीत ‘दॅट इज’ आणि मराठीत ‘म्हणजेच’ किंवा ‘अर्थात’. ‘ई. जी.’ म्हणजे ‘एक्झेम्प्ली ग्राशिया’, शब्दशः ‘उदाहरणाखातर’, इंग्रजीत ‘फॉर एक्झाम्पल’ आणि मराठीत आपले नेहमीचे ‘उदा.’. पहिले लघुरूप आधीच्या शब्दाची व्याप्ती पक्की करून टाकते, तर दुसरे त्या व्याप्तीतील एखादाच नमुना दाखवून बाकीची जागा मोकळी ठेवते.

एक साधे वाक्य घेऊ. ‘अर्जदाराने छायाचित्र असलेले ओळखपत्र, ई. जी. पासपोर्ट, सोबत आणावे’ असे लिहिले असेल, तर वाहन चालवण्याचा परवाना घेऊन आलेल्या माणसाला परत पाठवता येणार नाही, कारण पासपोर्ट हे केवळ उदाहरण आहे. त्याच जागी ‘आय. ई. पासपोर्ट’ असे लिहिले, तर पासपोर्टखेरीज दुसरे काहीही चालणार नाही. करार, नियमावली, निविदा अशा मजकुरात ही दोन अक्षरे चुकली की हक्क आणि बंधनेच बदलतात. म्हणून या फरकाकडे व्याकरणाचा बारकावा म्हणून पाहू नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. ‘ई. जी.’ने सुरू झालेल्या यादीच्या शेवटी ‘एट सेटेरा’ लिहू नये, कारण यादी अपुरी आहे हे ‘उदाहरणार्थ’ म्हणतानाच सांगून झालेले असते. दुसरे असे की, ही लघुरूपे मुळीच न वापरण्याचा पर्याय नेहमी खुला असतो. ब्रिटिश सरकारच्या अधिकृत संकेतस्थळाने २०१६ मध्ये ती हळूहळू काढून टाकण्याचे ठरवले. अंध वाचकांसाठी पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी काही सॉफ्टवेअर बिनटिंबाचे ‘ई. जी.’ चक्क ‘एग’, म्हणजे अंडे, असे वाचत होती, आणि इंग्रजी ही ज्यांची पहिली भाषा नाही अशा वाचकांनाही ही लघुरूपे अडत होती. ‘फॉर एक्झाम्पल’ लिहिण्यात कोणताही कमीपणा नाही.

प्रश्न : ‘अँड एट सेटेरा’ असे लिहिणे चूक आहे असे आमचे एक शिक्षक सांगत. ते का? आणि ‘अँड’साठी वापरतात त्या वेटोळ्या चिन्हाचा लॅटिनशी काही संबंध आहे का?

उत्तर : आपल्या शिक्षकांचे म्हणणे बरोबर आहे. ‘एट’ म्हणजे ‘आणि’, ‘सेटेरा’ म्हणजे ‘उरलेल्या गोष्टी’. पुढे ‘अँड’ जोडले की ‘आणि आणि उरलेल्या गोष्टी’ असे होते. मराठीत ‘आणि वगैरे’ लिहिणारेही नेमके हेच करतात, कारण अरबीतून आलेल्या ‘वगैरे’मधील ‘व’ म्हणजेच ‘आणि’. ‘इत्यादी’ची घडण मात्र वेगळी आहे. ‘इति’ आणि ‘आदि’ मिळून ‘असे ज्यांच्या आरंभी आहे ते’ असा तिचा अर्थ, म्हणून तिच्यापुढे ‘आणि’ आले तर शब्दांची अशी पुनरुक्ती होत नाही. ‘एट सेटेरा’ वस्तूंच्या यादीपुढे शोभते. माणसांच्या नावांपुढे ते लिहिले तर ती माणसे सामानाच्या यादीत टाकल्यासारखी वाटतात. तेथे ‘एट अल.’ वापरतात, त्याविषयी पुढे येईलच. उच्चार ‘एक्सेट्रा’ असा करू नये, कारण या शब्दांत ‘क’ कोठेही नाही.

चिन्हाविषयी आपला तर्क खरा आहे. रोमन लेखनिक ‘एट’मधील दोन्ही अक्षरे एकमेकांत गुंतवून लिहीत, आणि त्या जोडाक्षराचे वळण बदलत बदलत आजचे चिन्ह तयार झाले. काही तिरप्या छपाईच्या टंकांत नीट पाहिले तर ‘ई’ आणि ‘टी’ अजूनही वेगळे ओळखता येतात. जुन्या इंग्रजी पुस्तकांत या चिन्हापुढे नुसते ‘सी’ छापून ‘एट सेटेरा’ दाखवलेले आढळते. चिन्हाचे ‘अँपरसँड’ हे नाव इंग्लंडमधील मुलांच्या तोंडून घडले. मुळाक्षरे म्हणताना शेवटी हे चिन्ह येई आणि मुले ‘अँड, पर से अँड’ म्हणत, म्हणजे ‘आणि, स्वतःच एक शब्द असलेले, अँड’. ‘पर से’ हेही लॅटिनच, अर्थ ‘स्वतःहून’, ‘मुळात’.

प्रश्न : ‘ए. डी.’ म्हणजे ‘आफ्टर डेथ’ असे मी लहानपणी शिकले आणि आज माझ्या मुलीलाही तेच सांगितले जात आहे. हे बरोबर आहे का? तसेच दुपारचे बारा ‘ए. एम.’ की ‘पी. एम.’?

उत्तर : ‘आफ्टर डेथ’ हा विस्तार सर्वस्वी चुकीचा आहे. ‘बी. सी.’ हे इंग्रजी ‘बिफोर क्राइस्ट’चे लघुरूप असल्यामुळे जोडीला ‘आफ्टर’ असलेच पाहिजे, असा कोणाचा तरी समज झाला असावा. तो खरा मानला, तर येशूच्या आयुष्यातील सुमारे ३३ वर्षे ना अलीकडच्या गणनेत बसतील ना पलीकडच्या. ‘ए. डी.’ म्हणजे ‘अ‍ॅनो डॉमिनी’, अर्थात ‘प्रभूच्या वर्षी’. डायोनिसियस एक्झिगुअस नावाच्या मठवासी विद्वानाने ५२५ मध्ये ईस्टरच्या तारखांची कोष्टके करताना ही गणना योजली, आणि इंग्लंडमधील बीड या मठवासी इतिहासकाराने ७३१ च्या सुमारास पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात ती वापरल्यामुळे तिचा प्रसार झाला. या गणनेत शून्य वर्ष नाही. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या वर्षानंतर लगेच इसवी सनाचे पहिले वर्ष येते. ‘प्रभूच्या वर्षी’ अशी वाक्यरचना असल्यामुळे काटेकोर इंग्रजीत ‘ए. डी.’ आकड्याच्या आधी आणि ‘बी. सी.’ आकड्यानंतर लिहितात. आपल्या मुलीला हे अवश्य सांगावे.

‘ए. एम.’ म्हणजे ‘अँटे मेरिडिएम’, माध्यान्हापूर्वी, आणि ‘पी. एम.’ म्हणजे ‘पोस्ट मेरिडिएम’, माध्यान्हानंतर. दुपारचे बारा हेच माध्यान्ह, त्यामुळे तो क्षण स्वतःच्या आधीचाही नाही आणि नंतरचाही नाही. घड्याळे आणि संगणक दुपारच्या बाराला ‘पी. एम.’ म्हणतात ती केवळ सोय आहे. ज्या कागदपत्रावर मुदत अवलंबून असते, तेथे ‘दुपारी १२’ किंवा ‘मध्यरात्री १२’ असेच लिहावे, आणि मध्यरात्र असल्यास ती कोणत्या दोन तारखांमधली तेही लिहावे.

प्रश्न : वडिलांच्या औषधांची जबाबदारी माझ्याकडे आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘बी. डी.’, ‘टी. डी. एस.’, ‘एस. ओ. एस.’ अशी अक्षरे असतात. ती लॅटिन आहेत असे कळले. त्यांचा अर्थ सांगाल का?

उत्तर : चिठ्ठीच्या आरंभी असलेल्या ‘आर’सारख्या चिन्हापासूनच सुरुवात करू. ते ‘रेसिपे’ या लॅटिन आज्ञार्थी क्रियापदाचे लघुरूप आहे. अर्थ ‘घे’. ही आज्ञा औषध तयार करणाऱ्याला उद्देशून होती : अमुक द्रव्य इतके घे, तमुक इतके घे. स्वयंपाकाच्या कृतीला इंग्रजीत ‘रेसिपी’ म्हणतात ते याच शब्दावरून.

आपण विचारलेल्यांपैकी ‘बी. डी.’ म्हणजे ‘बिस डिए’, दिवसातून दोनदा. ‘टी. डी. एस.’ म्हणजे ‘टेर डिए सुमेंडुम’, दिवसातून तीनदा घ्यावयाचे. ‘एस. ओ. एस.’ पाहून अनेकांना बुडत्या जहाजाचा संदेश आठवतो आणि रुग्ण अत्यवस्थ झाल्यावरच द्यायचे औषध असे ते समजतात. चिठ्ठीवर मात्र ते ‘सी ओपुस सिट’ असते, म्हणजे ‘गरज भासल्यास’. साध्या डोकेदुखीच्या गोळीपुढेही ते लिहिलेले असू शकते. हाच आशय काही डॉक्टर ‘पी. आर. एन.’, ‘प्रो रे नाटा’, असा लिहितात. ‘ए. सी.’ म्हणजे ‘अँटे सिबुम’, जेवणापूर्वी; ‘पी. सी.’ म्हणजे ‘पोस्ट सिबुम’, जेवणानंतर, ‘एच. एस.’ म्हणजे ‘होरा सोम्नी’, झोपण्याच्या वेळी. ‘स्टॅट’ हे ‘स्टाटिम’चे लघुरूप, अर्थ ‘ताबडतोब’.

आता ज्याविषयी सर्वांत अधिक सावध राहायला हवे ते ‘ओ. डी.’. पोटात घेण्याच्या औषधापुढे ते ‘ओम्नी डिए’, रोज एकदा, या अर्थाने येते. नेत्रवैद्यकात मात्र तीच अक्षरे ‘ओकुलुस डेक्स्टर’, म्हणजे ‘उजवा डोळा’, असा अर्थ देतात, आणि डाव्या डोळ्यासाठी ‘ओ. एस.’, ‘ओकुलुस सिनिस्टर’, असे लिहितात. डोळ्यात घालायच्या थेंबांच्या चिठ्ठीवर ‘ओ. डी.’ दिसले, तर त्याचा अर्थ ‘दिवसातून एकदा’ की ‘उजव्या डोळ्यात’ हे अंदाजाने ठरवू नये. अमेरिकेत रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ मध्ये वापरू नयेत अशा लघुरूपांची यादी काढली. तिच्यात ‘क्यू. डी.’ आहे, कारण ‘रोज एकदा’ या अर्थाचे हे अक्षरयुग्म घाईच्या हस्ताक्षरात ‘क्यू. आय. डी.’, म्हणजे दिवसातून चार वेळा, असे वाचले जाण्याचा धोका असतो. एका टिंबाच्या जागी दांडी वाचली गेली की औषधाची मात्रा चौपट होते.

म्हणून येथे दिलेले अर्थ आपल्या माहितीसाठी आहेत. औषध देण्यापूर्वी डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला स्पष्ट विचारावे, आणि त्यांनी सांगितलेली वेळ व मात्रा आपल्या भाषेत पूर्ण शब्दांत औषधाच्या पाकिटावर लिहून ठेवावी. ते विचारताना मुळीच संकोच करू नये.

प्रश्न : प्रबंधाच्या तळटिपांत ‘सी. एफ.’, ‘एट अल.’, ‘इबिड.’, ‘ऑप. सिट.’ आणि ‘सिक’ कधी वापरायचे, याविषयी माझा गोंधळ होतो.

उत्तर : ‘सी. एफ.’ म्हणजे ‘कॉन्फेर’, ‘ताडून पाहा’. ते ‘पाहा’ या अर्थाने वापरणे ही शोधनिबंधांत सर्वाधिक आढळणारी चूक आहे. आपल्या विधानाला आधार देणारा ग्रंथ दाखवायचा असेल, तर साधे ‘पाहा’ लिहावे. वेगळे किंवा विरोधी मत मांडणारा ग्रंथ शेजारी ठेवून तुलना करावी असे सुचवायचे असेल, तेव्हाच ‘सी. एफ.’ लिहावे. ‘एट अल.’ म्हणजे ‘एट अलिई’, ‘आणि इतर जण’. यात ‘एट’ हा पूर्ण शब्द आहे, म्हणून टिंब केवळ ‘अल’नंतर येते. ‘इबिड.’ म्हणजे ‘इबिडेम’, ‘त्याच ठिकाणी’. ते लगतच्या आधीच्या टिपेलाच लागू पडते, त्यामुळे मध्ये एखादी नवी टीप घातली की जुने ‘इबिड.’ नकळत भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशन विभागाच्या लेखनशैलीविषयक नियमपुस्तिकेने २०१७ च्या आवृत्तीपासून ‘इबिड.’ऐवजी लेखकाचे आडनाव व संक्षिप्त शीर्षक द्यावे असे सुचवले आहे आणि ते आम्हाला पटते. ‘ऑप. सिट.’ म्हणजे ‘ओपेरे सिटाटो’, ‘उल्लेखिलेल्या ग्रंथात’. तो ग्रंथ शोधायला वाचकाला कित्येक पाने मागे जावे लागते, म्हणून तेही टाळलेले बरे.

‘सिक’ हे लघुरूप नाही, म्हणून त्यापुढे टिंब देऊ नये. तो ‘असे’ या अर्थाचा पूर्ण शब्द आहे. उद्धृत मजकुरातील चूक मुळातलीच आहे, उतरवून घेताना झालेली नाही, एवढेच तो सांगतो. मूळ लेखकाचे हसे करण्यासाठी तो जागोजागी पेरणे अभ्यासकाला शोभत नाही.

प्रश्न : न्यायालयांच्या बातम्यांत ‘इन कॅमेरा’, ‘सुमोटो’, ‘अ‍ॅलिबी’ असे शब्द असतात. ‘इन कॅमेरा सुनावणी’ म्हणजे चित्रीकरण करून घेतलेली सुनावणी असे मी समजत होतो. ते बरोबर आहे का?

उत्तर : ते बरोबर नाही, आणि खरा अर्थ जवळजवळ उलट आहे. लॅटिनमध्ये ‘कामेरा’ म्हणजे कमानदार छताची खोली. ‘इन कॅमेरा’ म्हणजे ‘खोलीत’, अर्थात लोकांना व वार्ताहरांना प्रवेश न देता बंद दाराआड चालणारी सुनावणी. छायाचित्र काढण्याच्या यंत्राला हे नाव ‘कामेरा ऑब्स्क्युरा’ म्हणजे ‘अंधारी खोली’ या जुन्या प्रयोगावरून मिळाले. एका भिंतीतील बारीक छिद्रातून आलेला प्रकाश समोरच्या भिंतीवर बाहेरच्या दृश्याची उलटी प्रतिमा उमटवतो, तीच ही खोली. यंत्र लहान होत हातात मावू लागले तरी नाव खोलीचेच राहिले.

‘सुमोटो’ हा उच्चार आपल्याकडे रुळला आहे, मात्र मूळ शब्द ‘सुओ मोटू’ असे आहेत, अर्थ ‘स्वतःच्या प्रेरणेने’. ‘मोटुस’ या नामाच्या या विभक्तीत शेवटी ‘ऊ’ येतो, म्हणून इंग्रजीत लिहिताना शेवटचे अक्षर ‘ओ’ नसून ‘यू’ असावे. मराठीत ‘स्वतःहून दखल घेतली’ हे शब्द पुरेसे आहेत. ‘अ‍ॅलिबी’ म्हणजे ‘दुसरीकडे’. गुन्हा घडला तेव्हा आरोपी अन्यत्र होता, एवढाच त्याचा कायदेशीर अर्थ आहे, आणि कोणत्याही सबबीला ‘अ‍ॅलिबी’ म्हणणे हा अलीकडचा सैल वापर आहे. ‘हेबियस कॉर्पस’ आणि ‘सपीना’ ही नावे त्या त्या आज्ञापत्रातील ठळक शब्दांवरून पडली. पहिल्याचा अर्थ ‘त्या व्यक्तीला प्रत्यक्ष हजर कर’ असा असून इंग्लंडच्या संसदेने १६७९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. दुसऱ्याचा अर्थ ‘शिक्षेच्या धाकाखाली’, म्हणजे हजर न राहिल्यास दंड होईल.

आपल्या मराठी कायदेपरिभाषेने यांपैकी अनेकांना सुरेख प्रतिशब्द दिले आहेत, हे येथे आवर्जून सांगावेसे वाटते. ‘प्रायमा फेशी’ला प्रथमदर्शनी, ‘सब ज्युडिसे’ला न्यायप्रविष्ट, ‘एक्स ऑफिशिओ’ला पदसिद्ध, ‘एक्स पार्टे’ला एकतर्फी, ‘एक्स ग्रेशिया’ला सानुग्रह, ‘स्टेटस को’ला ‘जैसे थे’. ‘अ‍ॅड हॉक’ला ‘तदर्थ’ म्हणताना तर ‘त्यासाठी’ हा मूळ आशय जसाच्या तसा उतरला आहे. हे शब्द हाताशी असताना मराठी मजकुरात लॅटिन वापरण्याचे कारण उरत नाही.

जाता जाता कायद्याच्या पदवीविषयी. ‘एलएल. बी.’ म्हणजे ‘लेगुम बॅकालॉरिअस’, ‘कायद्यांचा पदवीधर’. लॅटिन लघुरूपांत अनेकवचन दाखवण्यासाठी पहिले अक्षर दोनदा लिहीत, म्हणून दोन ‘एल’ मिळून ‘कायदे’ हा एकच शब्द होतो आणि त्यांच्यामध्ये टिंब येत नाही. पृष्ठांसाठी इंग्रजीत दोन ‘पी’ लिहितात तेही याच रीतीने.

प्रश्न : मला भाषणांत लॅटिन वचने उद्धृत करण्याची आवड आहे. त्यांपैकी कोणती वचने चुकीच्या अर्थाने वापरली जातात, हे सांगाल का?

उत्तर : आपला प्रश्न आम्हाला फार आवडला, कारण वचन जितके प्रसिद्ध तितका त्याचा मूळ संदर्भ हरवण्याचा संभव अधिक. सर्वांत आधी ‘अपवादाने नियम सिद्ध होतो’ हे वाक्य घेऊ. वादात आपल्या विधानाविरुद्ध कोणी उदाहरण दिले की ‘तो अपवाद आहे, आणि अपवादाने नियम सिद्धच होतो’ असे म्हणून पुष्कळ जण मोकळे होतात. विरोधी पुराव्याने विधान बळकट कसे होईल, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. मूळ विधिवचन ‘एक्सेप्टिओ प्रोबाट रेगुलाम इन कासिबुस नॉन एक्सेप्टिस’ असे आहे. अर्थ असा की, अपवाद नमूद केलेला असला की अपवादात न मोडणाऱ्या बाबींपुरता नियम त्यावरून सिद्ध होतो. ‘रविवारी येथे वाहन उभे करू नये’ अशी पाटी असेल, तर इतर दिवशी वाहन उभे करता येते हे पाटीवर न लिहिताही कळते. येथे अपवाद म्हणजे नियमाला छेद देणारी घटना नव्हे. तो नियम करणाऱ्यानेच घातलेला अपवाद आहे. इसवी सनपूर्व ५६ मध्ये बाल्बुस नावाच्या गृहस्थाच्या रोमन नागरिकत्वाचा बचाव करताना सिसेरो या रोमन वक्त्याने हाच युक्तिवाद केला. काही जमातींच्या तहात त्यांच्यापैकी कोणालाही रोमन नागरिक करू नये असा अपवाद होता, आणि सिसेरोचे म्हणणे असे की, ज्या तहात हा अपवाद नाही तेथे परवानगी आहे असेच मानले पाहिजे. वचनाचा उत्तरार्ध गळाला आणि त्याबरोबर अर्थही गेला.

‘वॉक्स पॉपुली, वॉक्स डेई’, म्हणजे ‘जनतेचा आवाज हा देवाचा आवाज’, हे वचन निवडणुकीच्या दिवसांत हमखास ऐकू येते. ७९८ च्या सुमारास अल्क्विन या विद्वानाने शार्लमेन राजाला लिहिलेल्या पत्रात ते येते, पण इशारा म्हणून. जे असे म्हणतात त्यांचे ऐकू नये, कारण जमावाचा गदारोळ नेहमीच वेडाच्या जवळ असतो, असे तो लिहितो. लोकशाहीवर आमची श्रद्धा आहे आणि या वचनाचा आजचा वापर आम्ही चुकीचा म्हणणार नाही. मात्र अल्क्विनचे नाव घेऊन ते उद्धृत केले, तर त्याच्या तोंडी त्याच्या मताच्या नेमके विरुद्ध मत घातल्यासारखे होईल.

‘मेन्स साना इन कॉर्पोरे सानो’, म्हणजे ‘निरोगी शरीरात निरोगी मन’, हे व्यायामशाळांचे आवडते वचन. शरीर कमावले की मन आपोआप निरोगी होते, असा अर्थ त्यातून काढला जातो. कवी जुव्हेनलच्या दहाव्या उपहासकाव्यात वाक्याची सुरुवात ‘प्रार्थना करावी ती ही की’ अशी आहे. माणसे देवाकडे संपत्ती, सत्ता, सौंदर्य, दीर्घायुष्य मागतात आणि तीच त्यांच्या नाशाला कारण होतात, तेव्हा मागायचेच असेल तर निरोगी शरीरात निरोगी मन मागावे, असे तो सांगतो. एकातून दुसरे निघते असा दावा त्यात नाही. यातील ‘मेन्स’च्या जागी ‘अनिमा’ हा शब्द घालून केलेल्या वाक्याची आद्याक्षरे घेऊन ‘असिक्स’ या बूट बनवणाऱ्या जपानी कंपनीचे नाव तयार झाले आहे.

शाळांच्या भिंतींवर दिसणारे ‘नॉन स्कोले सेड विटे डिसिमुस’, ‘आम्ही शाळेसाठी नव्हे, जीवनासाठी शिकतो’, हे वचन सेनेका या रोमन तत्त्वज्ञाच्या नावावर देतात. सेनेकाने एका पत्रात लिहिले ते याच्या उलट आहे : ‘आपण जीवनासाठी नव्हे, शाळेसाठी शिकतो’. आपल्या काळच्या पोकळ पांडित्याविषयीची ती तक्रार होती. पुढच्या शिक्षकांनी शब्दांची अदलाबदल करून तिचे ध्येयवाक्य केले. ध्येय म्हणून ते उत्तम आहे, पण सेनेकाची तक्रार आज अधिक वाचली जावी असे आम्हाला मनापासून वाटते.

‘कार्पे डिएम’विषयी थोडेच. रोमन कवी होरेसच्या या शब्दांतील क्रियापद फळ किंवा फूल खुडण्याचे आहे, आणि त्याच ओळीत पुढे ‘उद्यावर शक्य तितका कमी विश्वास ठेव’ असे आहे. पिकलेला दिवस वेळीच तोडून घ्यावा, असा त्याचा शांत भाव आहे. बेफिकीर मौजमजेचे समर्थन त्यात शोधू नये.

प्रश्न : लॅटिन शब्दांचे उच्चार प्रत्येक जण वेगळे करतो. खरा उच्चार कोणता?

उत्तर : तीन परंपरा आहेत आणि तिन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. प्राचीन रोमन उच्चारात ‘सी’ हे अक्षर नेहमी ‘क’ असे, म्हणून सिसेरो स्वतःला ‘किकेरो’ म्हणत असे आणि सीझर ‘काइसर’. जर्मन भाषेतील ‘कैसर’ या सम्राटवाचक शब्दात तो उच्चार टिकून आहे. इसवी सनपूर्व ४७ मध्ये झेला येथील विजयानंतरचे सीझरचे प्रसिद्ध शब्द, ‘मी आलो, मी पाहिले, मी जिंकले’, त्या काळी ‘वेनी, वीदी, वीकी’ असे ऐकू आले असते. कॅथलिक चर्चच्या इटालियन वळणाच्या उच्चारात शेवटचा शब्द ‘वीची’ होतो. इंग्लंडच्या न्यायालयांत व विद्यापीठांत लॅटिन शब्द इंग्रजी अक्षरांप्रमाणे वाचण्याची रीत पडली, त्यातून ‘प्रायमा फेशी’, ‘बोना फाइडी’ असे उच्चार आले. इंग्रजी बोलताना हेच उच्चार करावेत, तर रोमन काव्य वाचताना प्राचीन उच्चार करावा. या सदरात आम्ही मराठी वाचकांच्या कानांना सवयीचे लेखन ठेवले आहे.

प्रश्न : ‘व्हिझ.’ या लघुरूपातील ‘झेड’ आणि पौंडासाठीचे ‘एल. बी.’ कोठून आले? मूळ शब्दांत ती अक्षरे दिसत नाहीत.

उत्तर : ‘व्हिझ.’ म्हणजे ‘विडेलिसेट’, शब्दशः ‘पाहता येते’, इंग्रजीत ‘नेमली’ आणि मराठीत ‘ते असे’. मध्ययुगीन लेखनिक शब्दाचा शेवट गाळल्याची खूण म्हणून एक वळणदार चिन्ह काढीत. त्याचा आकार ‘झेड’सारखा असल्यामुळे छापखान्यात त्या जागी ‘झेड’ बसला. ‘आय. ई.’ आशय दुसऱ्या शब्दांत सांगते, तर ‘व्हिझ.’नंतर आधी उल्लेखलेल्या गोष्टींची संपूर्ण यादी येते, हा दोघांतील फरक.

‘एल. बी.’ हे पौंड या शब्दाचे लघुरूपच नाही. ते ‘लिब्रा’चे आहे. लिब्रा म्हणजे तराजू, आणि रोमन वजनाचे एक एककही. ‘पौंड’ हा शब्द ‘लिब्रा पोंडो’, म्हणजे ‘वजनाने एक लिब्रा’, यातील दुसऱ्या शब्दापासून आला. म्हणजे इंग्रजीने उच्चार एका शब्दाचा घेतला आणि खूण दुसऱ्याची ठेवली. ब्रिटिश चलनाचे पौंडचिन्ह हेही आडवी रेघ मारलेले ‘एल’, म्हणजे लिब्राच. त्याखालची जुनी नाणी शिलिंग व पेनी ही ‘एस’ आणि ‘डी’ या अक्षरांनी लिहीत, कारण त्यांचे मूळ ‘सोलिडी’ आणि ‘डेनारी’ या रोमन नाण्यांत होते. १५ फेब्रुवारी १९७१ रोजी ब्रिटनने दशमान चलन स्वीकारले, तेव्हा पेनीसाठी ‘डी’ जाऊन ‘पी’ आला आणि तिघांपैकी एकटा ‘एल’ उरला.